दुसरा पिकअप घेताना: जाहिरात नव्हे, दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा

गेल्या वर्षभरात अमेरिकेत नव्याने आलेल्या, आमच्या ओळखीतल्या चार कुटुंबांनी आपला पहिला जुना पिकअप काढून दुसरा घेतला आणि चौघांपैकी तिघांनी मी 2014 साली केलेली चूक जशीच्या तशी केली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी ओहायोत वीस वर्षांहून अधिक काळ राहतो, भाड्याने दिलेल्या दोन घरांची डागडुजी स्वतः करतो आणि उन्हाळ्यात राहण्याची सोय असलेला कॅम्पर ट्रेलर ओढून कुटुंबासह फिरतो. माझा सल्ला अशा वापरातून आलेला आहे. ज्यांना ट्रक केवळ कार्यालयाच्या वाहनतळावर उभा करायचा आहे, त्यांनी सरळ मोटार घ्यावी.

नव्याने आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: टोयोटा हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स इथे का मिळत नाही? त्याचे एक मोठे कारण कोंबडीत आहे. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीने अमेरिकी कोंबड्यांवर जकात बसवली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सरकारने 1964 पासून आयात हलक्या ट्रकवर 25 टक्के कर लावला. कोंबडीचे भांडण केव्हाच मिटले, कर मात्र राहिला. शिवाय इथले सुरक्षेचे आणि धुराचे नियम वेगळे आहेत. त्यामुळे मोठ्या आकारात फोर्ड एफ-150, शेव्हरोले सिल्व्हराडो, जीएमसी सिएरा, रॅम 1500 आणि टोयोटा टुंड्रा, तर मधल्या आकारात टॅकोमा, रेंजर, कोलोरॅडो, फ्रंटियर, रिजलाइन अशा ट्रकांतूनच निवड करायची असते.

आता मूळ मुद्दा. प्रत्येक ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचा एक स्टिकर असतो आणि त्यावर माणसे आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन भरू नये, असे लिहिलेले असते. यालाच पेलोड म्हणतात. हा आकडा त्या मॉडेलचा नसून कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या एका ट्रकचा असतो. जाहिरातीत झळकणारा आकडा मात्र बहुधा सर्वांत साध्या केबिनच्या, योग्य इंजिन आणि योग्य ऍक्सल असलेल्या ट्रकचा असतो, आणि असा ट्रक विक्रेत्याच्या आवारात शोधूनही सापडत नाही. काचेचे छत, विजेवर सरकणारी पायरी, थंड होणाऱ्या चामड्याच्या खुर्च्या, वीस इंची चाके या प्रत्येक गोष्टीला वजन आहे आणि ते पेलोडमधूनच वजा होते. म्हणजे ट्रक जितका महाग, तितका तो पुष्कळदा कमी ओझे उचलतो. हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते.

2014 साली घेतलेल्या माझ्या ट्रकच्या माहितीपत्रकात 9,000 पौंडांहून जास्त ओढण्याची क्षमता छापलेली होती आणि माझा ट्रेलर सामानासह 6,000 पौंडांचा होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर आणि त्यामुळे ट्रकच्या पाठीवर येतो, हे मी हिशेबात धरलेच नव्हते. नंतर घरी वहीत मांडलेला हिशेब असा: हिचवरचा भार 720 पौंड, वजन विभागणारा हिच 90 पौंड, आम्ही चौघे 620 पौंड, हौद्यातले सामान 150 पौंड, एकूण 1,580. दाराच्या चौकटीवर लिहिले होते 1,390. पहिल्याच सहलीत ट्रकचे बूड खाली बसले, हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडू लागला आणि बाजूने मोठा ट्रेलर गेला की माझा ट्रेलर शेपटी हलवावी तसा डोलू लागला. पत्नीने डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकवून बसण्याची ती तीन तासांची यात्रा आम्ही अजून विसरलेलो नाही. चौदा महिन्यांत तो ट्रक विकला आणि सुमारे 9,000 डॉलरचा खड्डा पडला. ज्या विक्रेत्याने मला तो ट्रक दिला, त्याने ट्रेलरचे वजन विचारले होते, माणसे किती हे विचारले नव्हते. पण चौकटीवरचा कागद वाचायला त्याने मला अडवलेही नव्हते.

तुलनेसाठी सांगतो. मॅव्हरिक या फोर्डच्या सर्वांत लहान पिकअपचा पेलोड 1,500 पौंडांपर्यंत जातो, म्हणजे माझ्या त्या अवाढव्य ट्रकपेक्षा जास्त. त्याचा हौदा साडेचार फुटांचा आणि ओढण्याची ताकद साधारण 2,000 ते 4,000 पौंड, हे खरे. पण ज्यांना महिन्यातून दोनदा खताची पोती आणि फर्निचर आणायचे आहे, त्यांना याहून जास्त कशाला हवे, हे मला कळलेले नाही. आपल्या लोकांत मात्र एकाने काळ्या रंगाचा, सर्वांत वरच्या ट्रिमचा, म्हणजे सर्वाधिक सुविधांचा, चार दारी ट्रक घेतला की पुढचे तिघे तोच घेतात, आणि कारण विचारले की ‘विकताना किंमत येते’ एवढेच सांगतात. ट्रक घेतला की मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचे सामान आणि प्रत्येकाचे घरबदल आपल्याच हौद्यातून होणार, हेही आताच धरून चाला.

केबिन आणि हौदा यांची निवड एकत्रच करावी. मोठ्या ट्रकमध्ये हौदा साडेपाच, साडेसहा किंवा आठ फुटांचा असतो आणि चाकांच्या उंचवट्यांमधली जागा सुमारे 50 इंच असल्यामुळे चार फूट रुंद प्लायवूड सपाट बसते. मधल्या आकारात ते उंचवट्यांवर टेकवावे लागते. मुले लहान असतील आणि त्यांच्या सुरक्षा-खुर्च्या मागे बसवायच्या असतील, तर पूर्ण चार दारांचीच केबिन घ्या, अर्ध्या दारांच्या केबिनमध्ये रोजची कसरत होते. चार दारे आणि साडेसहा फुटी हौदा ही माझी आवडती जोडी. पण त्या ट्रकची लांबी 20 फुटांच्या थोडी वर जाते आणि अनेक घरांच्या गॅरेजची खोली 20 फूटच असते. टेप घेऊन मोजा, आणि मोजताना हिचचा गोळा धरा.

ट्रेलर ओढायचा असेल तर ओढण्याचे पॅकेज कारखान्यातून आलेलेच घ्यावे. नुसता हिच नंतर कोणीही जोडून देतो, पण सात पिनांचा सॉकेट, ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर आणि गिअरबॉक्सचे जास्तीचे थंडावणारे साधन नंतर बसवणे खर्चाचे आणि कटकटीचे होते. चार पिनांचा सॉकेट फक्त दिव्यांपुरता असतो, ब्रेकसाठी सात पिनांचाच लागतो, आणि बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावे लागतात. मागच्या ऍक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, हा आणखी एक आकडा कोणी विचारत नाही. एकाच इंजिनाला 3.31 आणि 3.73 असे दोन रेशो असतील, तर दुसरा ओढायला बरा आणि पहिला पेट्रोलला बरा. बॅटरीवरच्या पिकअपला ट्रेलर जोडला की पल्ला जवळपास निम्म्यावर येतो.

बर्फाच्या राज्यांत चार चाकांची ओढ घ्यावी, विकताना तिचे पैसे परत मिळतात. परंतु साध्या प्रकारची फोर-व्हील कोरड्या रस्त्यावर चालू ठेवू नये, वळताना चाके एकमेकांशी भांडतात आणि यंत्रणेवर ताण येतो. हौद्याला आतून फवारलेले कोटिंग द्यावे. वरून ठेवायच्या प्लास्टिकच्या ट्रेखाली पाणी साचते.

जुना ट्रक घेणार असाल तर गंजाकडे पाहा. उत्तरेकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते फ्रेमच्या पोकळीत जाऊन बसते. माझा पहिला ट्रक बाहेरून चकचकीत होता. एके दिवशी मागच्या पाट्याच्या स्प्रिंगचा हँगर फ्रेममधून सुटला, आणि मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकताच ती पातळ पत्र्यात शिरावी तशी आत गेली. म्हणून टॉर्च घेऊन ट्रकखाली झोपा. फ्रेमवर ताजा काळा रंग दिसला तर तो सौदा सोडून द्या. 17 अक्षर-अंकांच्या व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, प्रलंबित रिकॉल, म्हणजे कंपनीने दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली आहे का, हे तपासणे फुकट आहे. टाइटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, ‘सॅल्व्हेज’ (मोठ्या नुकसानीमुळे मोडीत काढलेली) किंवा ‘रीबिल्ट’ (तशी गाडी पुन्हा उभी केलेली) लिहिले असेल तर कितीही स्वस्त असला तरी तो ट्रक नको.

पैशांबाबत थोडेच सांगतो. नव्या वाहनाच्या काचेवर किंमत आणि ऑप्शनची यादी लावण्याचे बंधन 1958 पासून आहे, आणि हा कायदा आणणाऱ्या सिनेटर मन्रोनी यांच्या नावानेच तो कागद ओळखला जातो. त्याच्या शेजारी विक्रेत्याने चिकटवलेला दुसरा कागद असतो: टायरमधला नायट्रोजन, रंगाचे संरक्षण, काचेवर कोरलेला क्रमांक. त्यातले काही घेऊ नका. विक्रेत्याला महिन्याचा हप्ता कधीही सांगू नका, कर आणि शुल्कांसह एकूण रक्कम विचारा आणि क्रेडिट युनियनकडून, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेकडून, कर्ज आधीच मंजूर करून न्या. जुन्या ट्रकवरचे फेडायचे राहिलेले कर्ज नव्यात मिसळून 84 महिन्यांचा हप्ता बांधून घेणारे आपले लोक मी पाहिले आहेत. ते ट्रक विकू शकत नाहीत आणि ठेवूही शकत नाहीत. आणखी एक अफवा आपल्याकडे फिरते, ती म्हणजे 6,000 पौंडांवरचा ट्रक घेतला की करात मोठी वजावट मिळते. ती व्यवसायासाठी आहे आणि निम्म्याहून जास्त वापर व्यवसायासाठी असावा लागतो. पगारदार माणसाला तिचा उपयोग नाही.

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी फोन करून दाराच्या चौकटीचा फोटो मागवा. एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन ट्रकांत दोनशे पौंडांचाही फरक पडू शकतो, हे मी आवारात दार उघडून उघडून पाहिलेले आहे. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करील त्याच्याकडे जाऊ नका. माझ्या सध्याच्या ट्रकच्या खुर्च्या कापडी आहेत, चाके लहान आहेत आणि स्टिकरवर 1,870 लिहिले आहे. मुलांची काचेच्या छतासाठीची तक्रार अजून चालू आहे.