हल्ला झालाच तर निसटावे कसे : ठाणे-नवी मुंबईतील स्त्रियांसाठी

ठाण्यात वर्तकनगर परिसरातील एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी मी स्त्रियांना स्वसंरक्षण शिकवते. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या मुली, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरमध्ये घरकामाला जाणाऱ्या बायका आणि मुलीला घेऊन आलेल्या, पण स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहणाऱ्या आया, अशा सगळ्या तिथे असतात. पहिल्या दिवशी बहुतेकींचा प्रश्न एकच असतो : दुप्पट ताकदीच्या माणसापुढे माझा काय निभाव लागणार? त्याच्याशी झुंजून जिंकायचेच नाही, हे मी सर्वांत आधी सांगते. पकड सुटण्यापुरते दोन-तीन सेकंद मिळवायचे आणि ते माणसांच्या, उजेडाच्या दिशेने पळण्यासाठी वापरायचे, एवढेच काम आहे. पुढे जे लिहिले आहे, ते या दोन-तीन सेकंदांसाठी.

आधी आवाज

बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्थानकाच्या पादचारी पुलावर रात्री साडेनऊच्या सुमारास एका माणसाने मागून माझे केस धरले. ओरडावे असे मनात आले, पण घशातून आवाजच फुटला नाही. पुलाच्या पायथ्याशी भाजी आवरत बसलेल्या मावशींनी वर पाहून "ए, कोण आहे रे तिकडे?" असा दम दिला आणि तो पळाला. वाचवले ते त्यांच्या आवाजाने. तेव्हापासून माझ्या वर्गाची सुरुवात हाताने किंवा पायाने होत नाही, ओरडण्याने होते.

हे वाटते तितके सोपे नाही. हळू बोल, मोठ्याने हसू नकोस, असे लहानपणापासून ऐकत आलेल्या बाईला भर हॉलमध्ये ओरडायला सांगितले, की ती आधी हसते, मग शेजारणीकडे पाहते, आणि मग तिच्या तोंडून जे निघते ते विनंतीसारखे असते. एका परिचारिकेला मोकळ्या आवाजात "मागे हो!" एवढे दोन शब्द म्हणायला तीन रविवार लागले. चौथ्या रविवारी ते असे निघाले, की हॉलचा रखवालदार धावत आला. म्हणून घरी सराव करावा. पाय खांद्यांच्या रुंदीएवढे फाकवून उभे राहावे, दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे समोर करून धरावेत आणि बेंबीपासून जोर लावून छोटे, हुकमाचे शब्द उच्चारावेत : "मागे हो!", "हात सोड!" आजूबाजूला माणसे असतील तर त्यांतल्या एकालाच हेरून सांगावे : "ओ निळा शर्टवाले दादा, इकडे या, पोलिसांना फोन लावा!" गर्दीला उद्देशून मारलेली हाक प्रत्येकाला दुसऱ्यासाठी वाटते. एकाला नेमके बोलावले, की तो सहसा हलतो.

भीतीने शरीर गोठून जाणे, हातपाय न हलणे हेही घडते आणि त्यात त्या स्त्रीचा काडीचाही दोष नसतो. बलात्काराच्या कलमात कायद्यानेही हे स्पष्ट केले आहे, की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येत नाही. वर्गातल्या प्रत्येकीला मी हे ऐकवते, कारण "मी काहीच का केले नाही" या प्रश्नाने पोखरलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

पकड सोडवणे

सर्वांत जास्त वेळा धरले जाते ते मनगट. धरल्यावर आपण सवयीने सरळ मागे ओढतो आणि तिथेच फसतो, कारण त्यात आपल्या दंडाची ताकद त्याच्या दंडाशी लढते. त्याची पकड एकाच ठिकाणी कच्ची असते : अंगठा आणि बोटे जिथे मिळतात, त्या फटीत. आपली मूठ आवळावी, मनगट असे फिरवावे की त्याची अरुंद कड त्या फटीसमोर येईल, आणि एक पाऊल त्याच्याच दिशेने टाकत आपले कोपर त्याच्या कोपराकडे नेऊन हात झटक्याने वर, आपल्या खांद्याकडे खेचावा. पुढे पाऊल टाकणे हे भीतीच्या उलट आहे, म्हणूनच त्याचा सराव लागतो. वर्गात एकीच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. पहिल्याच झटक्यात दोन फुटल्या आणि ती थबकली. तेव्हापासून मी सांगते, की बांगडी फुटू दे, थांबायचे नाही. सराव मात्र बांगड्या काढून करावा.

केस धरले, तर त्याचा हात आपल्या दोन्ही हातांनी डोक्यावरच दाबून धरावा. ओढ थांबते, वेदना कमी होते आणि मान हलवता येते. मग त्याच्याकडे वळून गुडघ्याने किंवा पायाने प्रहार करावा. मागून दोन्ही हातांनी कवटाळले, तर वर उचलले जाण्यापूर्वीच पाय फाकवून, गुडघे वाकवून अंगाचा सगळा भार खाली सोडावा. खाली बसू लागलेले वजन उचलणे फार कठीण असते. त्याच क्षणी चपलेची टाच त्याच्या नडगीवरून घासत नेऊन पावलाच्या वरच्या बाजूवर आदळावी, कोपर मागे पोटात मारावे आणि त्याचे एखादेच बोट हाती आले तर ते मागे पिरगाळावे. गळा दाबला जात असेल, तर पहिली हालचाल हनुवटी छातीला टेकवण्याची असावी, म्हणजे श्वासाला थोडी वाट राहते. मग एक हात वर ताणून, त्याच्या हातांवरून संपूर्ण अंग एका बाजूला फिरवावे. मनगटे उपटत बसण्यात मोलाचे सेकंद जातात.

मारण्यासाठी मूठ वापरू नये. सराव नसलेल्या मुठीने आपलीच बोटे मोडतात. मनगटाजवळचा तळव्याचा कडक भाग नाकावर किंवा हनुवटीखाली, कोपर चेहऱ्यावर, गुडघा जांघेत, बोटे डोळ्यांत. एवढ्या चार गोष्टी पुरतात. मारल्यावर त्याचे काय झाले ते पाहत उभे राहू नये. जी मुलगी सरावात फटका मारल्यावर जागीच थांबते, तिला मी पुन्हा पहिल्यापासून करायला लावते, आणि हॉलच्या दारापर्यंत धावत गेल्याशिवाय तो सराव पुरा झाला असे धरत नाही.

सुरा दाखवून पर्स, मंगळसूत्र किंवा मोबाइल मागितला, तर द्यावा. पर्स त्याच्या हातात न देता एका बाजूला लांब फेकावी आणि आपण दुसऱ्या बाजूला पळावे. सोने पुन्हा घेता येते. पण "गाडीत बस", "तिकडे चल" असे म्हणून निर्जन जागी नेऊ पाहत असेल, तर माझ्या मते तिथेच, भर रस्त्यात आरडाओरडा आणि प्रतिकार करणे बरे, कारण ज्या जागी तो आपल्याला नेतो ती त्याने निवडलेली असते.

जवळच्या वस्तू

मिरचीचा फवारा, ज्याला सगळे पेपर स्प्रे म्हणतात, तो बाळगायला आपल्याकडे परवाना लागत नाही. तो साधारण दोन-तीन मीटरपर्यंत उपयोगी पडतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने मारला तर आपल्याच डोळ्यांत येतो आणि रिक्षासारख्या बंदिस्त जागेत दोघांनाही लागतो. त्याची मुदत डबीवर छापलेली असते, ती पाहावी. पर्सच्या तळाशी, डब्याखाली पडलेला फवारा नसल्यासारखाच आहे. स्थानकाबाहेर पडतानाच तो हातात घ्यावा. एक डबी गच्चीवर सरावासाठी खर्च केली तर ते पैसे वाया गेले असे मी मानत नाही. शिटी स्वस्त आहे आणि आवाज फुटत नाही तेव्हा तीच आवाज होते. अंधाऱ्या वाटेवर ओढणी गळ्याभोवती गुंडाळू नये, कमरेला बांधावी.

रिक्षा आणि लोकल

एकट्याने रिक्षात बसण्यापूर्वी फोन कानाला लावून, चालकाला ऐकू जाईल अशा आवाजात घरी रिक्षाचा क्रमांक सांगावा. शेअर रिक्षात चालकाशेजारची चौथी सीट कधीही घेऊ नये. ती बेकायदा तर आहेच, शिवाय तिथे अंग चोरूनही बसता येत नाही. रस्ता बदलल्यासारखा वाटला, तर संकोच न करता लगेच विचारावे, कारण वेळ गेल्यावर विचारणे अवघड होत जाते. घोडबंदर रस्त्यावर कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ इथे वाहनांचा वेग मंदावतो. उतरायचे ते अशा ठिकाणी. धावत्या रिक्षातून उडी मारण्याने बहुधा अधिकच इजा होते.

लोकलमध्ये रात्री महिलांचा डबा ओस पडला असेल आणि त्यात पोलीस नसेल, तर माणसे असलेला सर्वसाधारण डबा मी अधिक सुरक्षित मानते. साखळी कुठे ओढावी, यालाही महत्त्व आहे. दोन स्थानकांच्या मध्ये, कळव्याच्या खाडीपुलावर गाडी थांबली तर मदत लवकर पोहोचत नाही. शक्य असेल तर फलाट लागताच ओढावी. रेल्वेची मदत १३९ वर मिळते, लोहमार्ग पोलिसांचा क्रमांक १५१२ आहे. फोनवर डबा कितवा आहे, गाडी कुठून कुठे चालली आहे आणि पुढचे स्थानक कोणते, एवढे आधी सांगावे.

रस्त्यावर आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२. फोन कधीही तुटू शकतो म्हणून पहिले वाक्य ठिकाणाचे असावे, घटनेचे नंतर. दुकानाची पाटी, बसथांबा किंवा विजेच्या खांबावरचा क्रमांक सांगितला तर पोलिसांची गाडी चुकत नाही. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण लागोपाठ पाच वेळा दाबले की आपत्कालीन फोन लागतो. आपल्या फोनमध्ये ही सोय चालू आहे का, ते आज सेटिंगमध्ये जाऊन पाहावे.

ओळखीचा माणूस

अंधाऱ्या पुलावरचा अनोळखी माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत दरवर्षी दिसते, की बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, साहेब. अशा वेळी हात उचलण्याआधी जीभ अडखळते, कारण समोर "काका" असतात. म्हणून वर्गात आम्ही "काका, हात काढा" हे वाक्यसुद्धा मोठ्याने म्हणून पाहतो. सातत्याने पाठलाग करणे, नको म्हटल्यावरही फोन आणि मेसेज करत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. मेसेज पुसून टाकू नयेत, तारखेसह त्यांची चित्रे ठेवावीत. घरातच मारहाण होत असेल, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, आणि १८१ या क्रमांकावर वाट दाखवणारे माणूस मिळते.

हात उचलला तर गुन्हा होतो का?

हा प्रश्न आया विचारतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ ही आत्मसंरक्षणाची आहेत. स्वतःचे आणि दुसऱ्याचेही शरीर वाचवण्यासाठी केलेला प्रहार गुन्हा ठरत नाही. बलात्कार, अपहरण, अॅसिडहल्ला, जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती, अशा प्रसंगांत हा हक्क कलम ३८ नुसार हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. मर्यादा एकच ध्यानात ठेवावी : बचावापुरतेच बळ, आणि धोका आहे तोवरच. पळून जाणाऱ्याला पाठलाग करून मारणे यात बसत नाही.

त्यानंतरचे काही तास

पुलावरच्या त्या रात्री मी तक्रार द्यायला गेले, तेव्हा "ही आमची हद्द नाही" असे सांगून मला परत पाठवले गेले. आपल्या भागात हा घोळ सहज होतो. कळवा ठाणे पोलीस आयुक्तालयात, पलीकडे ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात, आणि फलाटावर लोहमार्ग पोलीस. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. तिला झिरो एफआयआर म्हणतात आणि ती पुढे योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. लैंगिक गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. तक्रार ऑनलाइन पाठवली, तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. नोंद करायला नकार मिळालाच, तर तीच हकीकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस आयुक्तांकडे पाठवता येते.

लैंगिक हल्ला झाला असेल, तर कितीही इच्छा झाली तरी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. बदललेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये ओल धरून पुरावा खराब होतो. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, प्रथमोपचार मोफत आणि तातडीने देणे त्याच्यावर बंधनकारक आहे, एफआयआर आणा मग पाहू असे म्हणता येत नाही. गर्भधारणा टाळण्याचे आणि एचआयव्हीची लागण रोखण्याचे औषध ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, म्हणून पोलीस ठाण्यात वेळ जात असेल तर आधी रुग्णालय गाठावे. सोबत विश्वासातली एक व्यक्ती असावी, तिने फक्त शेजारी बसावे, उत्तरे देऊ नयेत.

जबाबावर सही करण्यापूर्वी तो सावकाश वाचावा, वाचणे जमत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. वेळ, ठिकाण आणि आपण उच्चारलेले शब्द जसेच्या तसे आले आहेत का ते पाहावे, न बोललेले वाक्य आढळले तर ते दुरुस्त करून घ्यावे आणि मगच सही करावी. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेऊनच ठाण्यातून निघावे.