लॅबच्या मशिनवरून उठण्याआधी

तालुक्याच्या गावातल्या एका सिनियर कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की ऑफिसची रांग थेट माझ्या दारापर्यंत येते. त्या दिवसांत हमखास कुणीतरी धापा टाकत येतं, "मॅडम, माझं अकाउंट हॅक झालंय!" बहुतेक वेळा कुणी काही हॅक केलेलं नसतं. पोरगा स्वतःच अकाउंट उघडं टाकून चहाला गेलेला असतो.

लॅबचं मशिन तुमच्यानंतर दहा मिनिटांत दुसऱ्याच्या हातात जाणार, हे धरूनच त्यावर बसायचं. क्रोम उघडलं की आधी वर उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून 'गेस्ट' विंडो घ्या. ती बंद केली की लॉगिन, हिस्टरी सगळं पुसलं जातं. क्रोममध्येच स्वतःच्या खात्याने साइन-इन करून सिंक चालू करू नका. नुसतं जीमेल उघडणं वेगळं आणि सिंक वेगळं. सिंक झालं की फोनमध्ये साठवलेले पासवर्ड या मशिनवर उतरतात आणि पुढच्या मुलाला ते आयते मिळतात. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं विचारलं तर 'नेव्हर'.

गेस्ट विंडो एक गोष्ट मात्र पुसत नाही, डाउनलोड केलेल्या फाइली. फॉर्मच्या दिवसांत संध्याकाळी मी कुठल्याही मशिनचं डाउनलोड्स फोल्डर उघडते, तेव्हा आत कुणाकुणाची आधार कार्डं, जातीचे दाखले, तहसीलदाराच्या सहीचे उत्पन्नाचे दाखले आणि पासबुकाची पहिली पानं असतात. एखाद्याच्या नावाने सिम घ्यायचं किंवा कर्जाच्या अ‍ॅपवर खातं काढायचं, तर एवढं घबाड पुरेसं आहे. काम झालं की आपल्या फाइली निवडा आणि शिफ्ट धरून डिलीट दाबा. नुसतं डिलीट केलं तर त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतात. बाहेर झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आधार पाठवता, तिथेही हाच धोका. शक्य तिथे आधारच्या वेबसाइटवरून 'मास्क्ड' आधार काढून द्या, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं राहिलं असेल तर लॅबकडे पळत येऊ नका, कारण लॅबला कुलूपही असेल. फोनवरच 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जा, अनोळखी नोंदीवर बोट ठेवा, लॉग आउट करा. गूगलसाठी खात्याच्या 'सिक्युरिटी' पानावर 'युअर डिव्हाइसेस' आहे, तिथून लॅबचं मशिन काढून टाका आणि मग पासवर्ड बदला. दोन्हीकडे टू-स्टेप व्हेरिफिकेशनही लावून घ्या.

आता पेन ड्राइव्ह. हा आमच्याकडचा जुना आजार. ड्राइव्ह लावला की आत प्रोजेक्टच्या फोल्डरऐवजी एकच आयकॉन दिसतो. त्याला ड्राइव्हचंच नाव असतं, कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज 1 किंवा 2 केबी. ड्राइव्ह मात्र अर्धा भरलेला दाखवतो. तुमच्या फाइली कुठे गेलेल्या नसतात, व्हायरसने त्या लपवलेल्या असतात. त्या आयकॉनवर डबल क्लिक केलंत की संपलं, मशिनही बाधित. आधी विंडोजसोबतच येणाऱ्या डिफेंडर अँटिव्हायरसने मशिन स्कॅन करा, नाहीतर साफ केलेला ड्राइव्ह पुन्हा बिघडतो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब कमांड चालवून लपवाछपवी काढा. ती कमांड प्रत्येक रांगेच्या भिंतीवर चिकटवलेली आहे, ड्राइव्हचं अक्षर तेवढं बदलायचं. कधी कधी सगळ्या फाइली बिननावाच्या एका फोल्डरमध्ये सापडतात. त्यातून डॉक्युमेंट आणि फोटो तेवढे बाहेर काढा आणि ड्राइव्ह फॉरमॅट करा. ज्या फाइली ओळखीच्या नाहीत, त्यांची माया धरू नका.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर लॅबमध्ये आणाल तर मी बाहेर काढीन. 'इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा' अशी सूचना ज्याच्यासोबत येते, ते काय असणार हे सांगायला मी कशाला हवी? कॉमर्सवाल्यांना सरावासाठी टॅलीचा एज्युकेशनल मोड फुकट मिळतो. नोंदी ठरावीक तारखांनाच करता येतात, पण शिकायला तेवढं भागतं. वर्डच्या जागी लिब्रे ऑफिस चालतं.

थोडं प्राध्यापकांसाठी. सर, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा पासवर्ड वर्गातल्या शेवटच्या बाकालाही पाठ आहे. खुर्चीवरून उठताना विंडोज बटण आणि एल दाबा, स्क्रीन लॉक होते. इंटर्नल मार्कांची एक्सेल फाइल एकाच पेन ड्राइव्हवर ठेवू नका. आणि प्राचार्यांचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून 'मीटिंगमध्ये आहे, जरा पैसे पाठवा' असा मेसेज आला, तर त्यांच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. प्राचार्य रागावणार नाहीत. विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे स्टाफ रूममधल्या जुन्या मशिनवर बँकेचं काम टाळलेलंच बरं.

शिष्यवृत्तीच्या नावाने फोन आला तर एवढं लक्षात ठेवा, महाडीबीटीचे, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. त्यासाठी फोनवर कुणाला ओटीपी सांगावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, घेताना कधीच नाही. आपलं कोणतं खातं आधारशी जोडलेलं आहे, हे आधारच्याच वेबसाइटवर बघता येतं. लिंक आली तर सुरुवातीचं 'https://' सोडून, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी काय आहे ते वाचा. सरकारी साइट असेल तर तिथे शेवटी बहुतेक वेळा 'डॉट जीओव्ही डॉट इन' असतं. 'महाडीबीटी' हे नाव मधे कुठेही घुसवता येतं, त्याला भुलू नका. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलान म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी) आली तर उघडूच नका, मग ती सख्ख्या आत्याच्या नंबरवरून का आलेली असेना. आत्याचाच फोन आधी हॅक झालेला असतो.

तरीही पैसे गेले, तर घरी काय सांगायचं याचा विचार नंतर. आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात, त्यामुळे वाटेतल्या एखाद्या खात्यात ते गोठवता आले तर येतात. त्यानंतर बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरा. तुमची चूक नसताना, बँकेचाही दोष नसताना तिसऱ्यानेच पैसे काढले असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कामकाजाच्या 3 दिवसांत कळवल्यावर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून तेव्हा तर आणखी घाई करायची. स्क्रीनशॉट, कॉलची नोंद, मेसेज काही डिलीट करू नका. तक्रारीची प्रिंट बँकेत आणि पोलीस ठाण्यात दाखवायला लागते. ती लॅबमधून काढून देते, त्याचे पैसे मी घेत नाही.