लोकांकडे मागायला शिका: न्यूयॉर्कमधल्या ऑर्गनायझिंगबद्दल

समाजकार्य शिकायला अमेरिकेत आलेली बरीच मराठी मुलंमुली मला विचारतात, "इमिग्रंट लोकांच्या हक्कांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा फॉर्म भरून देणं, कोर्टात सोबत जाणं, दुभाष्या होणं असं काहीतरी असतं. ही कामं मोलाचीच आहेत, पण ती केसवर्करची, म्हणजे एकेका माणसाची अडचण सोडवणाऱ्याची. ऑर्गनायझर, म्हणजे लोकांना एकत्र आणून आपल्या हक्कांसाठी उभं करणारा, त्याचं काम जवळजवळ उलटं. तो लोकांकडे मागतो. वेळ मागतो, बैठकीसाठी घर मागतो, शेजारणीचा फोन नंबर मागतो, नगरसेवकासमोर दोन मिनिटं बोलशील का, असं विचारतो. आधीच अडचणीत असलेल्या माणसाला आणखी त्रास कशाला द्यायचा, हे आपल्या अंगात इतकं मुरलेलं असतं की हे मागणंच सगळ्यात जड जातं.

माझं काम न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातल्या जॅक्सन हाइट्स भागात चालतं. कानावर बांगला, नेपाळी, पंजाबी, उर्दू, स्पॅनिश पडतात, मराठी क्वचितच. हिंदीवर भागतं, पण नेपाळी बाईशी नेपाळीत चार वाक्यं बोलता आली की ती चहा टाकते आणि मग खरं बोलायला लागते. माणसं टॅक्सी चालवतात, हॉटेलच्या किचनमध्ये राबतात, दुसऱ्यांची मुलं सांभाळतात. सभेची वेळ त्यांच्या शिफ्टवर ठरते, तुमच्या ऑफिसच्या वेळेवर नाही. शनिवार-रविवार मोकळे हवे असतील तर हे क्षेत्र सोडाच.

कामाचा पाया म्हणजे वन-ऑन-वन. अर्धा-पाऊण तास समोरासमोर बसायचं आणि बरंचसं ऐकायचं. "काय मदत हवी?" असं विचारलंत की यादी मिळते आणि तुम्ही त्या यादीत अडकता. "कशाचा राग येतो?" असं विचारून बघा. आणि उठण्याआधी एक छोटी मागणी ठेवायचीच. मागणी नसेल तर त्या छान गप्पा झाल्या, एवढंच.

पुढची पायरी घरबैठक. 1950च्या आसपास कॅलिफोर्नियात फ्रेड रॉस यांनी ही पद्धत बसवली. पुढे शेतमजुरांचे नेते झालेले सेझार चावेझ या कामात आले ते रॉस यांच्यामुळेच. एका सदस्याचं घर, त्यानेच बोलावलेली आठ-दहा माणसं, ऑर्गनायझर कोपऱ्यात. अशाच एका बैठकीत मुलं सांभाळणाऱ्या एका दीदींनी पर्समधून छोटी वही काढली. रोज किती वाजता कामावर गेल्या, किती वाजता सुटल्या, हातात किती पैसे पडले, सगळं पेन्सिलीने टिपलेलं. मी तासभर कायदा समजावला असता तरी जे झालं नसतं ते त्या वहीने केलं. शेजारी बसलेल्या दोघी तिथेच आपापले तास मोजायला लागल्या. इमिग्रेशनचे कागद असोत वा नसोत, किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा अशा कामगारांना लागू होतो आणि बुडालेल्या पगारासाठी न्यूयॉर्क राज्यात 6 वर्षं मागे जाता येतं. हे त्यांनी एकमेकींनाच सांगितलं, मी फक्त आकडा तपासून दिला.

'नो युवर राइट्स', म्हणजे आपले हक्क ओळखा, अशी सत्रं तुमच्याकडे लगेच येतील. गप्प राहण्याचा हक्क, आणि न्यायाधीशाची सही असलेलं वॉरंट व इमिग्रेशन अधिकाऱ्याची सही असलेलं वॉरंट यांतला फरक, हे त्यातलं मुख्य. दोन्ही कागदांचे नमुने हातात द्या, सही कुठे बघायची ते बोट ठेवून दाखवा. धोरणं आणि अंमलबजावणी सतत बदलतात, म्हणून प्रत्येक सत्राआधी मजकूर वकिलाकडून तपासून घ्या. मागच्या वर्षीची स्लाइड कधीही वापरू नका.

इथेच कुंपण ओळखायचं. "माझी केस फाइल करू का?" याला उत्तर देण्याचा अधिकार फक्त वकिलाला किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीला आहे. ट्रॅव्हल एजंट आणि टॅक्स भरून देणारे हे उद्योग सर्रास करतात आणि त्यात माणसं देशोधडीला लागतात. तुम्ही मनाने चांगले आहात म्हणून तुमचा चुकीचा सल्ला कमी महाग पडत नाही. हजेरीच्या कागदावर इमिग्रेशन स्टेटसचा रकाना ठेवू नका. जे लिहिलंच नाही ते कोणाच्या हाती लागत नाही. मतदार नोंदणीच्या टेबलावर तर डोळ्यांत तेल घालून बसा. नागरिक नसलेल्या माणसाने भोळेपणाने तो फॉर्म भरला तर ग्रीन कार्ड असूनही हद्दपारीची वेळ येऊ शकते.

यश उशिरा येतं, पण येतं. न्यूयॉर्कचा 2010चा घरकामगार हक्क कायदा अनेक वर्षं राज्याची राजधानी ऑल्बनीच्या बसवाऱ्या केलेल्या बायकांनी मिळवला. आठवड्याला एक सुट्टी, ओव्हरटाइम, वर्षभरानंतर 3 भरपगारी रजा. 2021मध्ये कर्जात बुडालेल्या टॅक्सीचालकांनी सिटी हॉलबाहेर ठिय्या दिला, 15 दिवस उपोषण केलं आणि मेडलियनचं, म्हणजे टॅक्सीच्या परवान्याचं, कर्ज 1 लाख 70 हजार डॉलरपर्यंत खाली आणून त्याला शहराची हमी मिळवली. त्यांच्या संघटनेच्या नेत्या भैरवी देसाई गुजरातमध्ये जन्मलेल्या. आपल्याकडच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या मंडळींना हे सगळं 'त्या लोकांचं' वाटतं. 1923मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वच नाकारलं होतं, हे त्यांना सहसा ठाऊक नसतं.

आता व्यवहार. पगार बेताचा असतो. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करताय तर फील्ड प्लेसमेंट, म्हणजे अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष काम, अशा संस्थेत मागून घ्या, पुढे ओपीटीवर (शिक्षणानंतर विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर) तिथेच राहता येण्याची शक्यता असते. त्यानंतरचा रस्ता अरुंद आहे. सप्टेंबर 2025मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या एच-1बी अर्जांवर 1 लाख डॉलरची फी आली, त्याआधीही छोट्या संस्था स्पॉन्सर करायला कचरतच होत्या. व्हिसावर असाल तर मोर्चात अटक होईल अशी जागा तुमची नाही, हे संस्थेला आधीच सांगून ठेवा. चांगली संस्था बुरा मानत नाही.

मुलाखतीत उलटा प्रश्न जरूर विचारा: मोहीम कोणती घ्यायची हे कोण ठरवतं, सदस्य की देणगीदार? आणि शक्य असेल तर होकार देण्याआधी त्यांची एक सदस्य सभा मागे बसून बघा. माइक बहुतेक वेळ स्टाफच्याच हातात दिसला, तर दुसरीकडे अर्ज करा.