वळणावर झुकणारी गाडी आणि दोन मिलिमीटर

चिपळूणहून कराडला जाताना कुंभार्ली घाटात माझी जुनी सेडान इतकी झुकायची की मागे बसलेली आई दार घट्ट धरून बसे. शिवाय नाक वळणाबाहेर पळायचं. मागचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणं कमी करणारा पोलादी दांडा, जाड घालायचं मी ठरवलं आणि मागवूनही टाकला.

मेस्त्री म्हणाले, "थांबा साहेब, आधी लिंक रॉड हलवून बघू." पुढच्या बारची टोकं चाकांकडे जोडणाऱ्या दोन्ही लिंकचे बॉल जॉइंट खुळखुळे, बारला धरणारे रबरी बुशही फाटलेले. ते बदलल्यावर निम्मं दुखणं तिथेच संपलं. लाज वाटली, पण बार आलाच होता!

जुना १६ मि.मी., नवा १८. फरक किरकोळ वाटतो, पण भरीव बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे बाकी मापं तीच असतील तर सुमारे ६० टक्के जास्त. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागचा बार ताठ केला की नाक बाहेर जाणं कमी होतं. पुढचा केला असता तर उलट वाढलं असतं.

बसवताना मागची दोन्ही चाकं एकदम उचला. एकच उचललं तर बार पिळलेला राहतो आणि बोल्ट जागेवर येत नाही. आमचा अर्धा तास त्यातच गेला. पॉलीयुरेथेन बुशला सिलिकॉन ग्रीस लावलं, नाहीतर ते कुरकुरतात.

आता गाडी झुकते कमी. मात्र एकच चाक खड्ड्यात गेलं की दणका दुसऱ्या बाजूलाही पोचतो. पावसात मागच्या चाकांची पकड लवकर सुटू शकते, म्हणून ओल्या घाटात मी वेग वाढवलेला नाही.