‘चौघांच्या घराला महिन्याला 28,000 लागतात’ हा दावा कसा तपासाल?

2023-24 च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी भारताचा दरमहा दरडोई खर्च 6,996 रुपये निघाला. त्याला चारने गुणून 28,000 सांगणं चूक आहे. माणशी खर्च कुटुंबाच्या आकारानुसार बदलतो, लहान घरात तो सहसा जास्त असतो. आपल्या प्रभागापुरता हा दावा टी-चाचणीने (नमुन्याची सरासरी दाव्यापासून किती दूर आहे ते पाहणाऱ्या पद्धतीने) तपासता येतो.

शून्य परिकल्पना (तपासायचा दावा): सरासरी 28,000 आहे. पर्यायी परिकल्पना: नाही. सार्थकता पातळी (दावा खरा असूनही चुकून नाकारण्याची मान्य केलेली शक्यता) 5%. हे सगळं, आकडे गोळा करण्याआधीच लिहून ठेवा.

मग चौघांच्या घरांची यादी करून चिठ्ठ्या टाकून 64 घरं निवडा. सगळी एकाच इमारतीतली नकोत. शेजाऱ्यांचे खर्च सारखे असतात, त्यामुळे प्रमाण त्रुटी (नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलू शकते त्याचा अंदाज) आहे त्यापेक्षा लहान दिसते.

खरी गफलत प्रश्न विचारण्यात होते. ‘महिन्याला किती खर्च?’ असं एकदम विचारू नका. भाजी, फळं, तेल, मासे-मटण यांचा 7 दिवसांचा खर्च विचारून 30/7 ने गुणा. कपडे, शाळेची फी, फ्रिजसारख्या वस्तू यांचा 365 दिवसांचा विचारून 12 ने भागा. बाकीचा 30 दिवसांचा. सरकारी सर्वेक्षणातही साधारण असेच कालावधी असतात. नाहीतर दिवाळीच्या महिन्यात विचारलेल्या कपड्यांनीच सरासरी फुगते.

समजा सरासरी 29,900 आणि प्रमाण विचलन (घराघरांतले खर्च सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) 8,800 आलं. प्रमाण त्रुटी = 8,800 ÷ √64 = 1,100. टी = (29,900 − 28,000) ÷ 1,100 = 1.73. स्वातंत्र्य मात्रा (घरांची संख्या वजा 1) 63 असताना दुबाजू चाचणीची (खर्च जास्त की कमी, दोन्ही बाजू पाहणाऱ्या) सीमा 2.00 आहे, टी तिच्या आत आहे. पी-मूल्य (दावा खरा असताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) सुमारे 0.09, म्हणजे 5% हून जास्त. शून्य परिकल्पना नाकारता येत नाही.

एकबाजू चाचणीची (फक्त ‘खर्च जास्त आहे का’ पाहणाऱ्या) सीमा मात्र 1.67 आहे. म्हणजे आकडे पाहून नंतर बाजू बदलली, तर तोच दावा खोटा ‘ठरतो’. आधी लिहून ठेवायचं ते यासाठीच.

नाकारता आलं नाही म्हणजे 28,000 सिद्ध झालं असंही नाही. 95% विश्वास अंतराल (आपल्या आकड्यांशी जुळणाऱ्या सरासरींचा पट्टा) 27,700 ते 32,100 आहे, त्यात 31,000 सुद्धा बसतात. तेव्हा निकालासोबत हे अंतराल द्याच.

एखाद्या घरात ऑपरेशन झालं म्हणून आकडा प्रचंड आला, तर तो खोडू नका, तोही खर्चच आहे. त्या घरासह आणि त्याच्याशिवाय, दोन्ही उत्तरं काढून दाखवा.

2,000 रुपयांचा फरक पकडायचाच असेल, तर 80% शक्यतेसाठी सुमारे 155 घरं लागतील. ही संख्याही आधीच ठरवा. निकाल मनासारखा येईपर्यंत घरं वाढवत गेलात, तर 5% ची हमी उरत नाही.