शूटिंगला जुनी गाडी देताय? या चुका टाळा

माझी जुनी गाडी शूटिंगला जाते, त्यामुळे सोलापुरात कुठल्या मालिकेचं युनिट उतरलं की मला फोन सुरू होतात. "मालक, फियाट दिलीय शूटिंगला, चालूच होईना." गाडी द्यायच्या आधी फोन करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

सगळ्यात जुना आणि माझ्या डोक्यात जाणारा घोळ म्हणजे किल्ली हिरोच्या हातात देणं. "त्यांना गाडी येते ना?" असं विचारलं की प्रॉडक्शनवाला हमखास म्हणतो, "हो सर, एकदम एक्स्पर्ट." येते ती मुंबईतली ऑटोमॅटिक. फियाट ११०० आणि जुन्या ॲम्बेसेडरचा गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग जुळवून देणारी कडी, नाही, त्यामुळे गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला टाकला की गिअरबॉक्स किंचाळतो. शिवाय दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळया आणि त्यांच्या सांध्यात बुश, म्हणजे छोट्या कड्या, असतात. बुश झिजलेले असताना घाईत दांडा ओढला, तर सळया अडकून गाडी गिअरमध्येच लॉक होते.

विजापूर रोडला राहणाऱ्या ओळखीच्या एका काकांनी आपली फियाट अशीच एका जुन्या वाड्याच्या आवारात नेली. दृश्य साधं होतं. हिरो भांडतो, गाडीत बसतो, तडक निघून जातो. काकांनी सकाळी गिअर नीट दाखवला, हिरोने मान डोलावली. टेकच्या वेळी मात्र त्याने भांडणाचा सगळा राग दांड्यावर काढला. रिव्हर्समधून खाडकन पहिल्यात, आणि लॉक. काका तिकडे मांडवात चहा घेत होते. इकडे दिग्दर्शक ओरडला, "ऊन चाललं, ढकला गाडी!" सेटिंगची पोरं डिकीला भिडली. गाडी गिअरमध्ये, क्लचवर कुणाचा पाय नाही, मग हलणार कशी? म्हणून आणखी चौघे आले. एकाचा तळहात टेललॅम्पवर पडून काच फुटली, दुसऱ्याच्या गुडघ्याने डिकीच्या पत्र्याला पोचा पडला.

खरा इलाज दोन मिनिटांचा होता. इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं, स्टिअरिंगच्या नळीच्या मुळाशी असलेले दोन लिव्हर हाताने हलवून न्यूट्रलच्या रेषेत आणायचे. कुठल्याही जुन्या मिस्त्रीला हे ठाऊक आहे. टेललॅम्पसाठी काकांना मुंबईच्या चोर बाजारापर्यंत जावं लागलं, आणि तिथला दुकानदार जोडी घेतल्याशिवाय द्यायला तयार नव्हता.

म्हणून माझ्याकडे एकच रीत आहे. गाडी मी चालवणार. लांबच्या शॉटला हिरोचा शर्ट मला घाला, टोपी घाला, मिशी लावा, काय वाटेल ते करा. जवळच्या शॉटला गाडी हलायची गरजच नसते. पोरं बंपर धरून हलकेच झुलवतात, बाहेरून दिवे फिरवतात, पडद्यावर गाडी धावते. हे न पटणाऱ्या दिग्दर्शकाने दुसरी गाडी बघावी.

दुसरा घोळ उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर चढलेला असतो आणि नेमकं तेव्हाच यांना वाड्याबाहेर "फक्त पाच मिनिटं" गाडी चालू ठेवून हवी असते. त्या पाच मिनिटांचा तास होतो. जुन्या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनला जोडलेला. इंजिन मंद फिरलं की पंखाही मंद, पाण्याचा पंपही मंद. रस्त्यावर दिवसभर बिनतक्रार पळणारी गाडी उभ्याउभ्या तापते ती अशी. मग इंजिन बंद केलं की खरी गंमत सुरू होते. पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला असतो, तिथली उष्णता पंपात आणि नळीत शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसती वाफच ओढत बसतो. सेल्फ फिरतो, गाडी घेत नाही.

इथे नवखे लोक काय करतात? चोक ओढतात. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल द्यायची ती सोय, आणि गरम इंजिनाला चोक! वर सेल्फ मारत राहतात, बॅटरी उतरवतात, मग जनरेटर व्हॅनवाल्याकडून वायर जोडून घेतात. काही जुन्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो, काहींत बॅटरी सहा व्होल्टची. वायर जोडणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? "थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी पाण्याची झडप) काढून टाका, गरमच होणार नाही" असा सल्ला देणारे महाभागही भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांना गाडीजवळ येऊ देत नाही.

माझ्या डिकीत सोलापुरी टॉवेल असतो, जाड टर्किश, आणि पाण्याचा कॅन. टॉवेल भिजवून पिळायचा, पेट्रोल पंपावर आणि नळीवर गुंडाळायचा, बॉनेट उघडं ठेवून थांबायचं. थांबायचं म्हणजे थांबायचं, दर मिनिटाला सेल्फ मारून बघायचा नाही. मग चोक न ओढता ॲक्सिलरेटर दाबून धरून सेल्फ मारायचा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही आणि तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतायचं नाही, हे लिहावं लागतंय याचंच मला वाईट वाटतं. आणि हो, पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा आधीच बदलून घ्या. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचं त्यात भलं असेल, पण जुनं रबर त्याने सुजतं आणि चिरतं.

रात्रीच्या दृश्यात हेडलाइट लावून गाडी उभी ठेवायला सांगतील. डायनामो मंद इंजिनावर बॅटरी जवळजवळ चार्ज करतच नाही. टेकपुरते दिवे लावा, "कट" ऐकलं की बंद.

कागदांबद्दल थोडं सविस्तर, कारण यात माणसं खरी फसतात. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये पडतात, मुदत दहा वर्षांची. पण अशी गाडी रस्त्यावर रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला चालवता येत नाही. हौसेने ती पाटी लावायची आणि दुसऱ्या आठवड्यात भाडं ठरवायचं, हे जमत नाही. साध्या खासगी नोंदणीची गाडी असेल तर विम्याची पॉलिसी वाचा. भाड्याने किंवा मोबदल्यावर दिलेल्या गाडीचं नुकसान त्यात बसत नाही. मी विमा कंपनीला आधी लेखी विचारतो, गाडीची किंमत करारात आकड्याने लिहून घेतो आणि युनिटच्या खर्चाने ट्रकवर चढवून खासगी आवारात नेतो. कला विभाग जुन्या काळाची खोटी नंबरप्लेट लावतो, ती आवाराच्या फाटकाबाहेर जाता कामा नये.

गाडीचा काळही खरा सांगा. सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉच्या दृश्यात फियाट मागायला आलेले लोक मी पाहिलेत. आपल्याकडची ११०० डिलाइट १९६४ ची, ॲम्बेसेडर पन्नाशीच्या दशकाअखेरची. चार हुतात्म्यांच्या गावात असला घोळ पडद्यावर गेला तर शिव्या गाडीमालकालाच बसतात.

रंगावर चिकटपट्टी लावू देऊ नका. जुन्या रंगावर कॅमेऱ्याचे सक्शन कप तर मुळीच नाही. क्रोमची चमक मारायला स्प्रे आणतील, त्याऐवजी मुलतानी माती फासायला सांगा, धुतली की जाते. बॉनेटवर कुणी बसणार नाही, नायिकाही नाही.

मालिकावाल्यांचं आणखी एक. गाडी एकदा भागात दिसली की महिन्याभराने पुन्हा तीच, तशीच हवी असते. मधल्या काळात रंग काढायचा, टायर बदलायचे असतील तर आधी विचारा, आणि पुढच्या तारखांचा दर पहिल्याच करारात लिहा. बारा तासांच्या शिफ्टनंतरचा जादा दर, येण्याजाण्याचा ट्रक, पेट्रोल, रात्री गाडी युनिटकडे राहिली तर पहारेकरी, हे सगळं त्याच कागदावर. निम्मे पैसे गाडी ट्रकवर चढायच्या आधी, उरलेले उतरायच्या आधी. "पॅकअपनंतर बघू सर" म्हणणाऱ्याला मी ट्रकच बोलावू देत नाही.