छपराला हात लावण्याआधी: कौलारू घराचं मॉडेल करतानाची तयारी

सगळ्यात आधी भिंतीचा प्रकार ठरवा. टेप, वही, घराचे चारही बाजूंनी फोटो हे तुम्ही घेणारच, त्यावर वेळ घालवत नाही. पण भिंत कशाची, किती जाड आणि तिच्या थरांपैकी मुख्य थर कुठला, हे नक्की झाल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये एक रेघही ओढू नका. मागच्या वेळी माझ्याकडून हेच राहिलं आणि गोव्यात पेडण्याच्या एका जुन्या घराचं छप्पर, बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) आणि माडीचा कठडा, तिन्ही मुळापासून पुन्हा करावं लागलं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे कंटाळा करणार नाही. चीफ आर्किटेक्ट हे घराचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर किंवा त्याच घराण्यातलं होम डिझायनर अमेरिकेतल्या लाकडी घरांच्या पद्धतीवर बेतलेलं आहे. नवी फाइल उघडली की जी भिंत हाती येते, तिच्यात उभे लाकडी दांडे, आतून जिप्समचा बोर्ड आणि बाहेरून पातळ आवरण असतं. आपली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत नऊ इंच, म्हणजे २३० मिमी, आणि दोन्हीकडून गिलावा धरला की २६० मिमीच्या घरात जाते. छपराची आधाररेषा भिंतीच्या मुख्य थराच्या बाहेरच्या कडेवर बसते. आता तुम्ही आयत्या भिंतीवर घर काढलंत, छप्पर चढवलंत, पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, हाताने नीट केलीत आणि शेवटी आठवलं म्हणून भिंत बदलून चिऱ्याची केलीत. भिंतीची बाहेरची कड, समजा, ११० मिमी बाहेर सरकली. हाताने केलेली पाखी मात्र जागच्या जागी राहिली. उतार ३० अंश असेल तर भिंतीच्या नव्या कडेवर छप्पर आधीपेक्षा ६३ मिमी खाली आहे. पाख्याची जाडी कमी धरली असेल तर चिऱ्याची लाल कड कौलांमधून वर डोकावते. ९०० मिमीची वळचण ७९० ची होते. मग माणूस छपरात चूक शोधत बसतो. चूक छपरात नसतेच. भिंतीचा प्रकार आधी.

चिऱ्याच्या भिंतीत मुख्य थर चिरा, गिलावा नव्हे. आतल्या पार्टिशनच्या भिंतीचा वेगळा प्रकार करून ठेवा आणि त्यांना नावं द्या. ‘भिंत १’, ‘भिंत २’ अशी नावं आठवड्याने तुम्हालाच कळणार नाहीत.

मोजमापाचं एकक मिलिमीटर. जोत्याची उंची मोजून घाला. खोलीची उंचीही मोजूनच, कारण चीफ आर्किटेक्टची आयती उंची २७७२ मिमी आहे आणि आपल्या जुन्या घरांत ती क्वचितच जुळेल.

भिंती ओढताना एकाच दिशेने फिरा. भिंतीला डावी-उजवी बाजू असते. मधेच उलट दिशेने ओढलेल्या भिंतीत बाहेरचा रंग दिवाणखान्यात येतो. स्वीट होम थ्रीडी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीची दिशा उलटवण्याची सोय आहे, इतरांतही असते, शोधा. त्रिमितीय चित्रात माउसने भिंतीचा माथा ओढून उंची ‘जुळवू’ नका. हे अगदी कळकळीने सांगतो. भिंतीची उंची खोलीच्या छताच्या उंचीवरून आणि वरच्या छपरावरून आपोआप ठरते. एकदा माथा हाताने ओढलात की ती भिंत छप्पर जुमानत नाही, पाखं खाली आलं तरी ती आरपार उभी. तसं झालंच असेल तर त्या भिंतीची उंची मूळ डिफॉल्टवर परत न्या, पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

आता छप्पर. उतार कुठल्या पद्धतीने विचारलाय ते आधी वाचा. अंशात असेल तर ३०. ‘१२ मध्ये किती’ (१२ आडव्या मापाला किती चढ) असं असेल तर ७, म्हणजे ३० अंशांच्या किंचित वर. त्या चौकटीत घाईने ३० टाकलंत तर ६८ अंशांचा सुळका उभा राहतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तोही वाऱ्यासकट. तेव्हा चित्रात छान दिसतं म्हणून मंगळुरी कौलांचा उतार फार आडवा करू नका. पाणी कौलांच्या सांध्यातून मागे चढतं.

बाल्कांवावर छप्पर खाली ओढून घेणार असाल तर आधी कागदावर गणित करा. भिंतीचा माथा ३ मीटर, उतार ३० अंश, बाल्कांव २.४ मीटर खोल. तोच उतार सरळ पुढे नेला की बाहेरच्या खांबांपाशी छप्पर १.३९ मीटर खाली येतं, म्हणजे जमिनीपासून उरले १.६१ मीटर. दारात येणाऱ्याचं डोकं आपटेल. सॉफ्टवेअर याबद्दल अवाक्षर काढत नाही, निमूट छप्पर काढून देतं. भिंतीचा माथा ३.९ मीटरवर नेलात तर खांबापाशी अडीच मीटर मिळतात. जुन्या घरांच्या भिंती एवढ्या उंच का, हे त्या गणितात बऱ्यापैकी दिसतं. उंची वाढवणं शक्य नसेल तर बाल्कांवाचं पाखं वेगळं करा, मुख्य पाख्याच्या वळचणीखाली, आणि त्या सांध्याचं पाणी कुठे जाणार ते तेव्हाच ठरवा.

त्रिकोणी भिंत कुठे आणि चारही बाजूंनी उतार कुठे, हे छपराला नव्हे, भिंतीला सांगायचं असतं. ज्या भिंतीवर त्रिकोण हवा तिच्या प्रॉपर्टीत तशी खूण करा. राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण) असेल तर त्या खोलीची ‘वर छप्पर’ ही खूण काढून टाका, नाहीतर सॉफ्टवेअर अंगण झाकून वर आढं चढवून मोकळं होतं. आतल्या बाजूला चार पाखी जिथे मिळतात त्या पन्हळी एकेक करून तपासा.

आपोआप छप्पर बांधण्याची खूण, ‘ऑटो रिबिल्ड’, हाताने पहिलं पाखं हलवण्याआधी बंद करा. चालू राहिली तर पुढे एखादी खिडकीजवळची भिंत सरकवलीत की हाताने केलेलं सगळं पुसून नवं छप्पर येतं. बंद केल्यावर छपराखालच्या पोकळीत आपोआप उगवलेल्या भिंती बघा. नको त्या काढा. आणि बंद केल्यावर भिंतीचा प्रकार बदलू नका. म्हणूनच तो आधी, छपराच्या आधी, खोल्यांच्याही आधी.

कठड्याकडे लोक शेवटी वळतात आणि तिथेच अडकतात. चीफ आर्किटेक्टमध्ये कठडा ही भिंतच आहे, फक्त बुटकी आणि जाळीची. खोली बंद करण्याचं काम तोही करतो. त्याचं टोक घराच्या भिंतीला टेकलं नसेल तर ती जागा खोली ठरत नाही, मग तिला जमीन नाही, छप्पर नाही, क्षेत्रफळही नाही. ‘बाल्कांवाला लादी का येत नाही’ याचं उत्तर दहातल्या नऊ वेळा त्या टोकाशी असतं. नकाशात त्या कोपऱ्यावर झूम करा, इतकं की गिलाव्याचा थर वेगळा दिसेल. लांबून टोक टेकलेलं दिसतं, जवळून पाच-सात मिलिमीटरची फट दिसते. टोक पकडून भिंतीच्या आत ढकला, ते आपोआप जुळून येतं. आणि ही फट बहुधा येते कुठून? भिंत नंतर बदलली, ती सरकली, कठडा मागे राहिला. परत तेच: भिंतीचा प्रकार आधी.

बाल्कांवातले सोपे, म्हणजे बांधलेली बाकं, हा कठडा नव्हे. बसायची जागा ४५० मिमी उंचीची, भरीव. ती बुटकी भिंत म्हणून काढा. कठड्याचं साधन वापरलंत तर तिथे गज उगवतील आणि त्यावर हात टेकायची पट्टी. माडीच्या कठड्याची आयती उंची ३६ इंच, म्हणजे ९१४ मिमी येते, ती अमेरिकेची. आपल्याकडे एक मीटरच्या खाली जाऊ नका, आणि गजांमधली फट १०० मिमीपेक्षा जास्त नको. घरात रांगणारं मूल असेल तर हे नकाशातच पक्कं करा. जिन्याचा कठडा आणि माडीचा कठडा यांची उंची सारखी ठेवा, नाहीतर वरच्या पायरीपाशी हातपट्टी तुटते. खांब छपरातून वर गेले तर कठड्याच्या प्रॉपर्टीत खांब तुळईपर्यंत नेण्याचा पर्याय आहे का बघा. छप्पर ओढू नका.

स्केचअप वापरणाऱ्यांना थोडक्यात: भिंती, छप्पर, कठडा यांचे वेगवेगळे ग्रुप करा, नाहीतर सगळं एकमेकांना चिकटतं आणि पाखं हलवलं की भिंत वाकते. स्वीट होम थ्रीडीत त्रिकोणी भिंतीसाठी भिंत मधे दुभागा आणि दोन्ही तुकड्यांना सुरुवातीची व शेवटाची उंची वेगवेगळी द्या.

बाकी पटापट. प्रत्येक टप्प्याला फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा. घराच्या मधून एक उभा छेद आणि बाल्कांवातून एक, एवढे दोन तरी काढा. भिंत आणि पाखं कुठे भेटतं ते तिथेच खरं दिसतं. कौलांचा हिशोब जमिनीवरच्या क्षेत्रफळावर करू नका: ८ गुणिले १२ मीटरचं छप्पर ३० अंशांत ९६ नव्हे, १११ चौरस मीटर भरतं, वळचण वेगळी. मेस्ताला, म्हणजे बांधकामाच्या कारागिराला, द्यायच्या कागदावर भिंतीची जाडी चिरा आणि गिलावा अशी वेगळी लिहा. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ ही खूण काढा, नाहीतर १:५० म्हणून दिलेला नकाशा १:५० राहत नाही.